आपला पत्ता कोणी ठरवला?



गेल्या हनुक्काच्या सुमारास आमच्या रामलेच्या ज्येष्ठ मंडळात नेहमीप्रमाणे सकाळचा चहा चालू होता. एक ब्याऐंशी वर्षांच्या ताई हळूच आमच्या शेजारी येऊन बसल्या आणि पिशवीतून चार पानी कागद काढून म्हणाल्या, "बाई, एवढं वाचून सांगा. काल एक मुलगा दारावर आला होता. फार गोड बोलला. म्हणतो, सगळ्या बिल्डिंगनं सही केली, तुमचीच राहिलीय. नवं घर मिळेल, लिफ्ट मिळेल, मामाद मिळेल. मी म्हटलं, मुलाला विचारते. तर म्हणतो, सावता, उद्या उशीर होईल."

कागद हिब्रूत होता, आणि तोही वकिली हिब्रूत. आम्ही पस्तीस वर्षे या देशातल्या शाळांत शिकवले, तरी तिसऱ्या पानापर्यंत पोहोचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. शेवटी कळले ते इतकेच, की तो नव्या घराचा करार नव्हताच. अमुक गृहस्थाने इमारतीसाठी कबलान शोधावा आणि तोवर घरमालकांनी दुसऱ्या कोणाशी बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ. लिफ्ट आणि मामाद हे शब्द होते, पण त्यांच्यापुढे "प्रयत्न केला जाईल" असे लिहिले होते.

टेबलावर चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाले, "माझा मेहुणा गिवतायिमला राहतो. त्याच्याकडे तीन-तीन कबलान आले, वकील घेऊन आले. आपल्याकडे पाठवतात शाळकरी पोरगा." दुसरे म्हणाले, "नशीब एकेकाचं!"

हा लेख त्या 'नशीब' शब्दाविषयी आहे. आपल्या वयाची माणसे घराविषयी बोलताना हा शब्द फार वापरतात. आम्हीही वापरत होतो. पण पुष्कळ वर्षे पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे की ज्याला आपण नशीब म्हणतो त्याचा मोठा भाग म्हणजे 'वर्ग'. तो कसा चालतो हे नीट समजून घेतले, तर निदान पुढचा कागद पुढे आल्यावर आपण सावध राहू.

पहिला वर्ग, तिसरा वर्ग

आमच्या लहानपणी मुंबईत वर्ग म्हटले की शाळेतला वर्ग नाहीतर रेल्वेचा डबा. तिसऱ्या वर्गाचा डबा तेव्हा होता आणि आपण बहुतेक सगळे त्यातूनच नवगाव-अलिबागच्या बाजूला जायला निघत असू. तिकिटाच्या वर्गाला पैसे पडतात हे लहान मुलालाही कळते. समाजातल्या वर्गाचे मात्र केवळ पैशावर भागत नाही. त्यात चार गोष्टी असतात: हातात पैसा किती, कपाटात कागद कोणता, ओळख कोणाशी आणि पत्ता कुठला. या चारही गोष्टी एकमेकींना ओढत असतात. एक असली की दुसरी सहज येते, एक नसली की बाकीच्याही अडतात.

मुंबईचेच पाहा. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत आणि शब्बाथ पाळून शनिवार तेली म्हणवून घेत. तिथून लोक मुंबईला आले, कोणी पलटणीत गेले, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी इस्पितळात, कोणी कारकून झाले. नागपाडा, भायखळा, जेकब सर्कल, माझगाव, उमरखाडी या बाजूंना आपली बिऱ्हाडे. दीड खोली, मधला सामाईक व्हरांडा, टोकाला नळ आणि संडास. पाणी पहाटे येई, म्हणून आईची पहाट नळावर सुरू होई.

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि त्यातून पागडी वाढली. भाडे महिन्याला थोडेसे, पण खोलीत शिरण्यासाठी एकरकमी मोठी पागडी. आता दोन कारकून घ्या. पगार एकच, कचेरी एकच. एकाच्या वडिलांची आधीच खोली होती, त्याला पागडी लागली नाही. दुसरा कोकणातून नुकता आलेला, तो दहा वर्षे पोटभाडेकरू म्हणून लोकांच्या स्वयंपाकघरात झोपला. पगार सारखा असून दोघांचे आयुष्य वेगळे झाले. म्हणूनच आपल्यात स्थळ पाहताना पहिला प्रश्न पगाराचा नसे. "जागा स्वतःची आहे ना?" हा असे. आपल्या आजी-मावश्यांनी समाजशास्त्र वाचले नव्हते, पण वर्ग म्हणजे काय हे त्यांना या एका प्रश्नात कळले होते.

आणि आपण आपसात तरी कुठे सारखे होतो? चाळीतले आणि ब्लॉकमधले असा फरक आपल्यातही होता. दार फळणीच्या सणाला सिनेगॉगमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत एका छपराखाली उभे राहत. सण संपला की कोणी टॅक्सीने जाई, कोणी चालत.

सोखनूतची यादी

मग आलिया. पितृभूमीत सगळे ज्यू सारखे, चाळ नाही, पागडी नाही, असे मनात धरून आपण विमानात बसलो. जे १९५० च्या आसपास आले त्यांच्या वाट्याला माअबारा आला, म्हणजे तंबूंची आणि पत्र्याच्या खोल्यांची तात्पुरती वसाहत. १९५४ नंतर बोटीतून उतरलेल्या माणसाला थेट ठरलेल्या गावी न्यायचे धोरण आले. देशाची वस्ती किनाऱ्यावर दाटू नये, सीमेकडे आणि नेगेवमध्ये पसरावी, असा सरकारचा विचार होता. त्यासाठी नवी गावे आखली गेली. येरुहाम १९५१ चे, दिमोना आणि किर्यात गात १९५५ ची, अश्दोद १९५६ चे. आपली माणसे तिथे गेली, बेअरशेवाला गेली, लोद-रामलेला आली.

विचार देशाच्या दृष्टीने चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न असा की पसरायचे कोणी? सरकारी ट्रक गावाशी थांबला, की ज्याचा मामा तेल अवीवला होता तो म्हणे, मी मामाकडे जातो. ज्याच्याकडे थोडे पैसे होते तो म्हणे, मी खोली भाड्याने घेतो. ज्याला अधिकाऱ्याची भाषा येत होती तो हुज्जत घाली. १९५६-५७ साली पोलंडहून आलेल्यांना किनाऱ्याजवळची बरी घरे मिळाली, कारण ती सुशिक्षित माणसे परत निघून जातील अशी भीती वरच्यांना होती. याविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्यांचा मामा नव्हता, पैसे नव्हते आणि भाषाही नव्हती, ते ट्रकमधून उतरले. त्यांत मोरोक्कोचे होते, इराकचे होते, रुमानियाचे होते आणि आपण होतो.

आपण गप्प बसलो असेही नाही. बेअरशेवाकडच्या आपल्या लोकांनी १९५१-५२ मध्ये सोखनूतच्या दारात धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून सांगितले, आणि त्यातले काही जण खरोखर परत गेलेही. पुढे त्यांतले बहुतेक पुन्हा इथे आले. त्या वेळी पुष्कळांनी त्यांना नावे ठेवली. आज वाटते, काम आणि घर या दोन गोष्टींसाठी ते भांडत होते. १९५९ साली हैफाच्या वादी सालिबमध्ये, १९७१ साली येरुशलायिमच्या मुसरारा वस्तीतल्या तरुणांनी जे बोलून दाखवले, तेच आपल्या माणसांनी आधी, हळू आवाजात सांगितले होते.

आमचे कुटुंब १९६९ साली आले. वडील मुंबईत रेल्वेत कारकून, आम्ही मॅट्रिक होऊन नुकतेच कॉलेजात गेलेले. रात्री दिमोनाला उतरलो. सोखनूतच्या लोखंडी खाटा, गाद्या, घोंगड्या, एक टेबल, चुलीसाठी थोडे सामान आणि किल्ली. आईने नळ उघडला, पाणी आले, ती तिथेच भिंतीला टेकून हसत राहिली. घरात स्वतःचा नळ! त्या रात्री आम्हाला ते घर राजवाड्यासारखे वाटले. कारकून असलेले वडील पुढच्या महिन्यात कापडगिरणीत रात्रपाळीला उभे राहिले. ज्यांच्याकडे पदवी होती अशा आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाला मेरकाझ क्लिटात जागा मिळाली, तिथे उलपान मिळाले आणि मग शहर निवडायला मिळाले. किल्ली त्यांनाही मिळाली, आम्हालाही मिळाली. पण त्यांना गाव निवडता आले, आम्हाला गाव नेमून दिले गेले.

भिंती जुन्या होतात, जमीन वाढते

आता या गोष्टीचे मर्म सांगतो. त्या काळात सरकारने बांधलेल्या शिकूनच्या इमारती देशभर जवळजवळ एकाच नकाशाच्या. खांबांवर उभ्या, तीन-चार मजली, लिफ्ट नाही, घर पन्नास-साठ चौरस मीटरचे. गिवतायिमचा शिकून आणि दिमोनाचा शिकून शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. पण पन्नास वर्षांनी एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट झाली. भिंती दोन्हीकडे सारख्याच पडक्या. वाढली ती जमिनीची किंमत, आणि जमिनीची किंमत वाढते ती नोकऱ्या, आगगाडी, विद्यापीठ, समुद्र यांच्या जवळ. म्हणजे १९६९ साली एका कारकुनाने यादीत आमच्या नावापुढे जे गाव लिहिले, त्यातच आमच्या नातवंडांची मिळकत लिहिली गेली. ते त्याला ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते.

दुसरी गोष्ट कर्जाची. सत्तरच्या दशकात ज्यांची पक्की नोकरी होती आणि ज्यांना निर्देशांकाशी न बांधलेली मश्कांता मिळाली, त्यांचे कर्ज महागाईने खाऊन टाकले. हप्ता तोच राहिला, पगार फुगत गेला. ज्यांनी जरा उशिरा, बांधलेली मश्कांता घेतली, त्यांचे कर्ज पगाराबरोबर फुगले. १९८४ साली महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या पुढे गेली होती हे आपल्यातल्या कोणालाच विसरता येणार नाही. पुढच्या वर्षी नवा शेकेल आला, हजार जुन्यांचा एक. पहिल्यांना लोक हुशार म्हणाले आणि दुसऱ्यांना अव्यवहारी. खरे पाहता पहिल्यांना लवकर पक्की नोकरी लागली होती, एवढाच फरक.

तिसरी गोष्ट आज आपल्या नातवंडांच्या वाट्याला आली आहे. पहिले घर घेताना बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देते. घर २० लाख शेकेलचे धरले तर ५ लाख आधी हातात हवेत. पंचविशीतल्या कोणत्या मुलाकडे पाच लाख असतात? ते आई-बाप देतात, आजी-आजोबा देतात. ज्यांचे घर महाग जागी आहे ते त्यावर कर्ज काढून किंवा ते विकून देतात. ज्यांचे घर स्वस्त जागी आहे किंवा भाड्याचे आहे ते आशीर्वाद देतात. २०११ च्या उन्हाळ्यात रोथशिल्ड रस्त्यावर तरुणांनी तंबू ठोकले तेव्हा आमच्या मंडळात कोणीतरी म्हणाले, "आम्ही तंबूतून निघालो, नातवंडं तंबूत गेली." सगळे हसले. पण त्या वाक्यात बरेच काही होते.

मुंबईची पागडी आठवा. भाडे परवडत होते, दारच उघडत नव्हते. इथेही तेच. हप्ता भरण्याची ऐपत असते, आत शिरण्याची रक्कम नसते.

रोजच्या जगण्यात

पत्त्यावरून पुढे काय काय ठरते पाहा. नेगेवमध्ये वर्षानुवर्षे मोठे इस्पितळ एकच, बेअरशेवाचे सोरोका. येरुहामच्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टरसाठी सकाळ घालवावी लागते, रामात गानच्या माणसाला अर्धा तास. आम्ही शाळेत होतो तेव्हा विकासगावांतल्या मुलांना सर्रास धंदेशिक्षणाच्या तुकडीत घालत. मुलगा हुशार असला तरी "सुतारकाम शीक, हात चालतील" असा सल्ला मिळे. बगरुतला इंग्रजी आणि गणित पाच एककांचे घेतल्याशिवाय विद्यापीठाची बरीच दारे बंद असतात. आम्ही पालकांच्या घरी जाऊन सांगत असू, मुलीला पाच एकके घेऊ द्या. काही ठिकाणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे लागले. त्यातल्या एकीने आज आमच्याच कुपात खोलीममध्ये आमचा रक्तदाब तपासला. आनंद झाला, आणि ज्यांच्या घरी आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही त्या मुलीही आठवल्या.

मामादची गोष्ट तर सर्वांना ताजी आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर, १९९२ पासून, नव्या घरात मामाद बांधणे सक्तीचे झाले. म्हणजे १९९२ आधीच्या शिकूनमध्ये राहणाऱ्याला तळाचे मिक्लात, नाहीतर रस्त्यापलीकडचे सार्वजनिक मिक्लात. २०२५ च्या जूनमधले ते बारा दिवस आठवा. तिसऱ्या मजल्यावरची, गुडघे गेलेली बाई दीड मिनिटात खाली कशी उतरणार? आमच्या ओळखीच्या दोघी जिन्यातच खुर्ची टाकून बसत, वर जाणेही नको आणि खाली पोहोचणेही नको म्हणून. क्षेपणास्त्र गरीब-श्रीमंत पाहत नाही हे खरे. पण भिंतीची जाडी पत्त्यावरून ठरलेली असते.

नव्या गावात जाऊन राहू म्हटले तरी दार सगळ्यांना सारखे उघडत नाही. नेगेव आणि गालीलमधल्या लहान सामूहिक गावांना, कोणाला घ्यायचे हे समितीने ठरवण्याची मुभा २०११ च्या कायद्याने दिली. मर्यादा आधी ४०० कुटुंबांच्या गावांची होती, २०२३ मध्ये ती ७०० केली. "आमच्या सामाजिक जीवनाशी जुळणार नाही" एवढे कारण पुरते. पैसे असूनही नकार मिळतो, आणि त्यात कोणाची बोली, कोणाचे आडनाव, कोणाचा रंग आड येतो हे सांगायला नको.

जुन्या इमारतीचे नवे गणित

आता ताईंच्या कागदाकडे परत येऊ. २००५ साली सरकारने तामा ३८ नावाचा आराखडा आणला. जुन्या इमारती भूकंपात पडू नयेत म्हणून त्या मजबूत कराव्यात किंवा पाडून नव्या बांधाव्यात, आणि बदल्यात कबलानने वर जादा घरे बांधून विकावीत. सरकारला खर्च नाही. योजना चांगली, पण तिचा सारा भार जादा घरांच्या किमतीवर. तेल अवीवमध्ये वरचा एक मजला विकून खालचे तीन मजबूत करता येतात. तिबेरिया, बेत शान, किर्यात श्मोना ही गावे भूकंपाच्या भेगेला लागून आहेत, पण तिथे घरे स्वस्त, म्हणून कबलानला नफा नाही, म्हणून कबलान आला नाही. जिथे धोका जास्त तिथे काम कमी झाले. आमचे रामले आणि लोद १९२७ च्या भूकंपात किती पडले होते हे इथल्या जुन्या लोकांकडून आम्ही ऐकले आहे.

पिनुई-बिनुई, म्हणजे जुने पाडून मोठे बांधणे, याचे गणितही तसेच. चार मजल्यांच्या जागी पंधरा-वीस मजले आले तरच ते जुळते. आमच्या बाजूला आता जमिनीचे भाव चढले म्हणून हे लोक दारावर येऊ लागले आहेत. त्यात खरोखर भले होऊ शकते. लिफ्ट, मामाद, मोठे घर या गोष्टी आपल्याला नको आहेत थोड्याच? पण सहीपूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, दारात उभ्याने सही करू नये. मजकूर आपल्याला कळेल त्या भाषेत समजावून मागावा, मुलगा-मुलगी किंवा विश्वासाचे माणूस जवळ असावे. २०१७ पासून अशा मध्यस्थांसाठी कायदा आहे. सही घेण्याआधी त्यांना घरमालकांची सभा बोलवावी लागते, आणि ठरल्या मुदतीत काम पुढे गेले नाही तर तो करार संपतो.

दुसरी, वकील रहिवाशांनी निवडलेला असावा. त्याची फी कबलान देतो ही पद्धत आहे, पण तो माणूस आपला हवा.

तिसरी, "सगळ्यांनी सह्या केल्या" यावर विसंबू नये. पूर्वी पाचांतले चार मालक तयार असावे लागत, आता दोन तृतीयांश पुरतात. उगाच अडवणाऱ्यावर बाकीचे दावा करू शकतात हे खरे. पण वृद्ध मालकांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. दोनदा घर हलवण्याऐवजी दुसरे तयार घर, वृद्धनिवास, किंवा लहान घर आणि वरचे पैसे असे पर्याय द्यावे लागतात. ते न दिल्यास वृद्धाचा नकार अयोग्य धरला जात नाही. वयाच्या आणि किती वर्षे राहिलात याच्या अटी वकिलाकडून लिहून घ्याव्यात.

चौथी, आणि ही फार थोडे लोक विचारतात: नव्या मनोऱ्यात गेल्यावर महिन्याला काय पडणार? लिफ्ट दोन-तीन, पंप, रखवालदार, बाग. वाद बायितचा खर्च आणि मोठ्या घराचा अर्नोना बितुआह लेउमीच्या पेन्शनीत बसणार का? घर मिळून ते परवडले नाही, तर माणूस विकून बाहेर पडतो, आणि नव्या मनोऱ्यात दुसऱ्या वर्गाची माणसे येतात. इमारत सुधारते, शेजार मात्र बदलून जातो.

अमिदारचे घर

आपल्यातले पुष्कळ जण अजून अमिदार, अमिगुर अशा सार्वजनिक घरकंपन्यांचे भाडेकरू आहेत. हे सांगताना काही जण आवाज खाली करतात. का करावा? अमिदार १९४९ पासून याच कामासाठी आहे, आणि आपण भाडे भरले आहे, कामही केले आहे.

१९९८ साली रान कोहेन यांनी मांडलेला कायदा झाला, की भाडेकरूला राहिलेल्या वर्षांप्रमाणे सूट देऊन आपले घर विकत घेता यावे. पण वर्षामागून वर्षे तो पुढे ढकलला गेला आणि २०१४ मध्ये अंमलात आला. मधल्या काळात किती जण घर न घेताच एलियाहू हन्नबीच्या भेटीला गेले! जी घरे विकली गेली त्यांच्या पैशातून तितकी नवी घरे आली नाहीत, म्हणून आज रांग लांब आहे.

इथे आम्हाला घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या शेजारी एक मुलगा आईबरोबर राहत होता. लग्न केले नाही, आईची शुश्रूषा केली. आई गेल्यावर सात दिवसांचे सुतक संपले आणि घरकंपनीचे पत्र आले, घर रिकामे करा. तो त्या घरात वाढला होता, पण कागदावर त्याचा पत्ता कधीकाळी केलेल्या नोकरीच्या गावचा होता. दायार ममशिख, म्हणजे पुढे राहण्याचा हक्क असलेला, हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हते. शेवटी तो गावाबाहेर एका खोलीत गेला. आईचा देव्हारा नव्हता आपल्यात, पण तिची कुराडीची, तव्याची, शब्बाथच्या दिव्याची जागा होती. ती गेली.

म्हणून सांगतो, घरात कोण राहते ते आज कागदावर बरोबर आहे ना पाहा. विकत घेण्याचा हक्क आहे का, हे स्वतः हयात असताना लेखी विचारा. गावातल्या शिलच्या कचेरीत सल्ला फुकट मिळतो, आणि न्यायखात्याचे सिउआ मिश्पाती ऐपत नसलेल्यांना वकील देते. ज्यांचा मामा तेल अवीवला नाही, त्यांच्यासाठीच या कचेऱ्या आहेत.

पडवीतली खाट

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. वर्ग म्हटला की आपण वर बोट दाखवतो. खालीही पाहायला हवे. आज आपल्यातल्या कितीतरी घरांत सेवेसाठी भारतातून आलेली बाई आहे. केरळची असते, गोव्याची असते, कधी आपल्या महाराष्ट्राचीही असते. ती आपल्याला आंघोळ घालते, हाताला धरून सिनेगॉगला नेते, आमटीही आपल्या चवीची करते. ती झोपते कुठे? पुष्कळ घरांत बंद केलेल्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली. कायद्याप्रमाणे तिला राहण्याची नीट जागा देणे हे मालकाचे काम आहे. जागा लहान असेल हे आम्हाला कळते. पण दार, दिवा, एक कपाट आणि आठवड्याची सुट्टी एवढे तरी देता येते. लोकांच्या स्वयंपाकघरात झोपणारा पोटभाडेकरू आपल्याच घराण्यात होता, हे विसरू नये.

तसेच इथिओपियाहून आलेले शेजारी शिकूनमध्ये राहायला आले की "आता भाव पडणार" म्हणणारे आपल्यातही निघतात. आपण जिन्यात पहिल्यांदा आलो तेव्हा आपल्या मसाल्याच्या वासावर नाक मुरडणारेही नेमके हेच म्हणत होते.

ताईंचे काय झाले ते सांगून संपवतो. त्यांनी त्या दिवशी सही केली नाही. शुक्रवारी मुलगा आला, त्याने जिन्यात दारोदार विचारले. सोळा घरांपैकी पाचांनीच सह्या केल्या होत्या, त्यातल्या दोघांना वाटत होते की ती लिफ्टसाठीची सही आहे. मग खालच्या मिक्लातमध्ये सभा झाली. रशियन, मोरोक्कन, इथिओपियन आणि आपली दोन घरे, चार भाषांत आरडाओरड झाली, पण वकील ठरला. इमारतीचे काय होईल ते पुढे कळेलच. ताईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा: "महिन्याला किती पडणार?"

वकिलाने वही काढली आणि लिहून घेतले.